खतातले शंभर, पदरातले नव्वद

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार नवी वही पुजतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. अशाच एका वहीच्या धास्तीने दख्खनच्या कुणब्याची झोप उडत असे, त्या दिवसांची ही हकीकत.

१२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दंगा उसळला. लूटही झाली, पण लोकांचा खरा डोळा कागदांवर होता. खते, हुकूमनामे, जे हाती लागले ते त्यांनी जाळले.

असे होते काय त्या कागदांत? कुळाने शंभरांचे खत लिहून दिले, तरी हाती शंभर पडतीलच असे नसे. सावकार आपली मनोती आधीच कापून घेई. स्टँप आणि लिहिणावळ कुळाच्याच माथी. समजा, पदरात नव्वद पडले. खतात मात्र 'शंभर रोख पावले', आणि खाली नांगराची निशाणी! दरमहा शेकडा दोन रुपये दर धरला, तर तीन वर्षांत व्याज ७२. १८५९ च्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांची केली होती. हेतू चांगला, पण मुदत भरत आली की सावकार नवे खत लिहून घेई: १७२ रुपयांचे, आणि आता जमीन गहाण. कोर्टात निशाणी खरी ठरली की मुनसफ पुढे काही विचारीत नसे.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरते हे उलटे केले. न्यायाधीशाने खतामागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासावा, प्रत्यक्ष हाती काय पडले ते पाहावे. खत गावच्या नोंदणी कामगारासमोर व्हावे. सावकाराने पावती द्यावी, आणि कुळाने मागितल्यास सालाचा हिशेब द्यावा. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली कित्येक वर्षे काम केले.

सावकारही काही स्वस्थ बसला नाही. गहाणाचा हिशेब द्यावा लागतो ना? मग गहाणखत नकोच! तो सरळ खरेदीखत करून घेऊ लागला. पैसे फेडताच जमीन परत, हे वचन नुसते तोंडी. लेखाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नसल्याने कुळ तेथेही फसे. अखेर कायद्यात दुरुस्ती होऊन अशा खरेदीखताआडचे गहाण शोधण्याची मुभा कोर्टास मिळाली.

साफसफाईत माळ्यावरच्या पेटीत एखादे त्या काळचे खरेदीखत सापडले, तर जमीन किती आणि किंमत किती, ते जरा ताडून पाहावे.