इमारत धोकादायक आहे, हे ठरवतं कोण?

उल्हासनगर कॅम्प चारच्या लालचक्की भागात महक अपार्टमेंट नावाची पाच मजली इमारत होती. ऑगस्ट 2019 मध्ये ती कलल्याचं रहिवाशांच्याच लक्षात आलं. 12 तारखेला ती रिकामी झाली आणि 13 तारखेला कोसळली. माणसं वाचली.

मे 2021 मध्ये याच शहरात 15 तारखेला मोहिनी पॅलेस आणि 28 तारखेला साईसिद्धी या इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले. साईसिद्धीत सात जणांचा जीव गेला. पहिल्या प्रसंगात रहिवाशांची नजर उपयोगी पडली, दुसऱ्यात तशी वेळच मिळाली नाही. इमारत पडणार की नाही, हे सांगणारा तज्ज्ञ या सगळ्यात कुठे असतो? आणि त्याचं मत चुकलं तर जबाबदार कोण?

आधी शहराचा इतिहास थोडक्यात बघू. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला दिली गेली. 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं, पण पत्त्यात 'कॅम्प' हा शब्द अजून आहेच. बराकींच्या जागी घरं आली, घरांच्या जागी मजले चढले. जागा जेमतेम 13 चौरस किलोमीटर आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांवर. बरीचशी बांधकामं परवानगीशिवाय झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि 2005 मध्ये 855 इमारती पाडायचा आदेश आला. हजारो कुटुंबं रस्त्यावर येणार म्हटल्यावर राज्य सरकारनं 2006 मध्ये खास उल्हासनगरसाठी कायदा केला : दंड भरा, बांधकाम नियमित करून घ्या.

इथे जरा थांबा. 'बेकायदा' आणि 'धोकादायक' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला परवानगीबद्दल बोलतो, दुसरा काँक्रीट आणि सळ्यांबद्दल. दंडाची पावती फाडली म्हणून गंजलेली सळई मजबूत होत नाही. आणि परवानगी नसलेली प्रत्येक इमारत कमकुवत असते असंही नाही. 855 हा आकडा वाचून आपण सहज 'एवढ्या इमारती पडायला आल्यात' असं लिहून मोकळे होतो. तो आकडा ते सांगतच नाही.

मग धोक्याबद्दल कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ नुसार तीस वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून करून घ्यावं लागतं. नियम चांगला आहे. पण 2021 मध्ये चर्चेत आल्या त्या इमारती प्रामुख्याने 1990 च्या दशकातल्या. निकृष्ट वाळू वापरून घाईघाईने बांधल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. 1994 मध्ये लोक राहायला आले असतील, तर तीस वर्षं भरणार 2024 मध्ये. म्हणजे नियमाच्या नजरेत त्या अजून तरुणच होत्या! तीस हा आकडा नीट बांधलेल्या इमारतीचं आयुष्य गृहीत धरतो.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती जास्त अवघड आहे. 'धोकादायक' हा शिक्का बसला की माणसाला घर सोडावं लागतं. जुन्या भाडेकरूंना काढायचं असेल तर मालकाला असा अहवाल सोयीचा. भाडेकरूंना राहायचं असेल तर त्यांना 'दुरुस्तीने भागेल' म्हणणारा अभियंता सोयीचा. दोघेही पात्र, दोघांचीही सही खरी, आणि मतं विरुद्ध. मुंबईत असे वाद इतके वाढले की उच्च न्यायालयानं 23 जून 2014 च्या आदेशात मार्गदर्शक सूचना दिल्या. अहवाल एकमेकांविरुद्ध असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे न्यायचं. नुसतं बघून मत द्यायचं नाही. हॅमर चाचणी, अल्ट्रासॉनिक चाचणी, काँक्रीटचा नमुना काढून तपासणी अशा चाचण्यांचे आकडे अहवालात हवेत. पाडण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्रफळ मोजून नोंदवायचं, म्हणजे त्याचा हक्क ढिगाऱ्याखाली जाणार नाही.

राज्यभर वापरात असलेलं सी-1, सी-2 अ, सी-2 ब, सी-3 हे वर्गीकरण तुम्ही पावसाळ्याआधीच्या बातम्यांत वाचलं असेल. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची. सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2 ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. एका अक्षराच्या फरकावर एखाद्या कुटुंबाचा पत्ता अवलंबून असतो. शेजारच्या अंबरनाथ आणि बदलापूरला महापालिका नाही, नगरपरिषदा आहेत. त्यांचा कायदा वेगळा, 1965 चा. त्यामुळे एकाच लोकल मार्गावरच्या तीन शहरांचा अभ्यास करताना एकाच कलमाचा आधार तिन्हीकडे लावून चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : तज्ज्ञाच्या मताला वजन येतं ते नुसत्या पदवीमुळे नाही. ते मत दुसऱ्याला तपासता येतं का, त्याला उत्तर देता येतं का आणि त्याखाली कोणाची तरी सही राहते का, यावर ते ठरतं. 2014 च्या सूचनांनी कोणता अभियंता बरोबर हे सांगितलं नाही. त्यांनी भांडण सोडवायचा रस्ता आखून दिला. तिथे न्याय्यपणा आणि उत्तरदायित्व एकत्र येतात. उल्हासनगरात मात्र शासनानं परवानगीचा प्रश्न सोडवला आणि ताकदीचा प्रश्न वयाच्या आकड्यावर सोडला. तपासायची वेळ आली ती स्लॅब पडल्यावर.

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी. उद्या तुमच्या हातात एखादा ऑडिट अहवाल, पंचनामा किंवा चौकशी समितीचं टिपण आलं, तर निष्कर्षाच्या पानावर उडी मारू नका. आधी बघा : अहवाल कोणी मागवला? पैसे कोणी दिले? चाचण्या कोणत्या, कुठल्या मजल्यावर, कोणत्या तारखेला? विरुद्ध मत फाइलमध्ये आहे की गायब आहे? आणि अहवाल आल्यापासून कारवाई होईपर्यंत किती दिवस गेले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा आवक-जावक नोंदवहीत सापडतं. ती कंटाळवाणी वाटते, पण कोणाला काय माहीत होतं आणि कधीपासून, हे तीच सांगते.