‘सिबिल किती?’

‘सिबिल किती आहे?’ हा प्रश्न आता गाडीच्या शोरूममध्ये येतो आणि क्वचित लग्नाच्या बैठकीतही. सिबिल हे खरं तर मुंबईतल्या एका कंपनीचं नाव. पण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचं, तसं आपण कुठल्याही पतगुणांना सिबिल म्हणू लागलो.

त्याआधी आपला शब्द होता पत. ती असायची, राखायची, जायची. मोजायची मात्र नव्हती. सावकाराला आणि अडत्याला ती घराण्यावरून, जमिनीवरून, गेल्या सुगीच्या देण्याघेण्यावरून कळायची. पंचक्रोशी ओलांडली की तिला कोण विचारणार?

ही अडचण अमेरिकेत पहिल्यांदा धंदा होऊन उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये आर्थर आणि लुईस टॅपन या भावांचा रेशमाचा व्यापार होता. १८३७ च्या मंदीत उधारी बुडाली आणि पेढी कोसळली. पुढे १८४१ मध्ये लुईसने ‘मर्कंटाइल एजन्सी’ काढली. गावोगावचे बातमीदार, त्यातले बरेचसे वकील, स्थानिक दुकानदारांची माहिती पाठवायचे : धंदा कसा आहे, मालमत्ता किती, दारू पितो का, संसार कसा आहे. न्यूयॉर्कमधले कारकून ते सारं जाडजूड वह्यांत उतरवून घेत. वर्गणीदार व्यापारी कार्यालयात आला की त्याला नोंद वाचून दाखवायची. ज्याची नोंद, त्याला पत्ताच नाही. इलिनॉयमध्ये वकिली करणारे अब्राहम लिंकनही या एजन्सीचे बातमीदार होते, असं सांगतात. लुईस टॅपन स्वतः गुलामगिरीचा कट्टर विरोधक. ‘अमिस्टाड’ जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या खटल्यासाठी त्याने पैसा उभा केला होता. अशा माणसाने शेजाऱ्यांवर पाळत ठेवण्याची यंत्रणा उभारावी, हे मला अजून पचत नाही.

१८५७ मध्ये प्रतिस्पर्धी ब्रॅडस्ट्रीटने व्यापाऱ्यांच्या श्रेणींचं छापील पुस्तकच काढलं. वाक्यांची जागा खुणांनी घेतली. कंपन्यांच्या कर्जरोख्यांना मिळणारं ‘ट्रिपल ए’ ही याच घराण्याची दुसरी पाती. जॉन मूडीने १९०९ मध्ये रेल्वेच्या रोख्यांपासून सुरुवात केली. भारतात ते काम १९८७ मध्ये क्रिसिलने आणलं.

सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला मात्र बराच काळ कुजबुजच राहिली. १८९९ मध्ये अटलांटात निघालेली ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ माणसांच्या खासगी वागणुकीच्याही नोंदी ठेवायची. त्यावरून इतका गदारोळ झाला की १९७० मध्ये आपली नोंद पाहण्याचा हक्क देणारा कायदा अमेरिकेला करावा लागला. पाच वर्षांनी कंपनीने नाव बदललं. आजची इक्विफॅक्स ती हीच.

आकडा आला तो वेगळ्याच दारातून. अभियंता बिल फेअर आणि गणिती अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये प्रत्येकी ४०० डॉलर घालून कंपनी काढली. १९५८ मध्ये त्यांनी ५० कर्जकंपन्यांना पत्रं धाडली. उत्तर आलं एकीचं. कल्पना साधी होती : जुन्या कर्जदारांत कोणी फेडलं, कोणी बुडवलं ते पाहा आणि नव्या माणसाला त्यावरून गुण द्या. कुठल्याही कर्जाला चालेल असा त्यांच्या कंपनीचा ‘फायको’ गुणांक १९८९ मध्ये आला. पट्टी ३०० ते ८५०. त्यात सुमारे ३५ टक्के वजन हप्ते वेळेवर भरण्याला, ३० टक्के डोक्यावरच्या देण्याला. उरलेलं कर्जइतिहासाच्या वयाला, नव्या अर्जांना आणि कर्जांच्या प्रकारांना. पगाराला शून्य.

तेव्हा ७०० म्हणजे परीक्षेतले ७० टक्के नव्हेत. पुढच्या साधारण दोन वर्षांत एखादा हप्ता ९० दिवस थकण्याची शक्यता किती, एवढंच तो आकडा सांगतो. समजा एका पायरीवर २० फेडणाऱ्यांमागे एक बुडवणारा असेल, तर ठरावीक गुण वर चढल्यावर ४० मागे एक. तीन मोठ्या अमेरिकी पतमाहिती संस्थांनी २००६ मध्ये ‘व्हँटेजस्कोअर’ काढला तो ५०१ ते ९९० च्या पट्टीवर. लोकांचा गोंधळ उडाला, म्हणून २०१३ मध्ये तोही ३०० ते ८५० वर आणला.

आपल्याकडे सिबिल २००० मध्ये स्थापन झाली, पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा. आज ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या ३०० ते ९०० मध्ये गुण देतात. प्रत्येकीचं गणित वेगळं, म्हणून एकाच माणसाचे चार आकडे निघाले तर दचकू नये. गंमत पुढेच आहे. जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरलेल्या माणसाच्या नावापुढे ‘उणे एक’ येतो, कारण कर्जच नाही तर इतिहास कुठला? आणि शेतकऱ्याच्या बाबतीत ही पट्टी इतकी आंधळी ठरली की पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना बँकांना बजावावं लागलं. पावसाने दगा दिला की माणसाने, हे त्या आकड्याला कळत नाही.

टॅपनच्या वहीतल्या दुकानदाराला आपलं पान दिसत नव्हतं. तुम्हाला दिसतं : वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून पूर्ण अहवाल फुकट. स्वतः पाहिल्याने गुण घटत नाहीत. फेडलेलं कर्ज अजून ‘चालू’ दिसतंय का, एवढं तरी बघा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत.