रोहिणी, नीला आणि रक्ताभिसरण

सातारा येथील आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाच्या नावातच दोन वैद्यकपरंपरांची सांगड आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, ते यांपैकी पाश्चात्त्य परंपरेचे होय. या दोहोंची गाठ मराठी परिभाषेतही पडलेली आढळते.

विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताचे चक्राकार भ्रमण प्रतिपादिले. आपले शब्द मात्र त्याहून फार प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत रोहिणी ही रक्तवाही, तर नीला ही पित्तवाही सिरा मानली आहे. आधुनिक मराठीने हीच नावे घेतली व त्यांना नवा अर्थ दिला : हृदयापासून रक्त नेणारी ती रोहिणी, हृदयाकडे आणणारी ती नीला. नावे रंगाची, व्याख्या दिशेची. हा विसंवाद फुप्फुसापाशी उघड होतो. तेथे जाणाऱ्या रोहिणीतील रक्त काळपट, तर परतणाऱ्या नीलांतील लालभडक असते.

‘अभिसरण’ या शब्दातही पुढे जाणे आहे, परतणे नाही; हार्वेचा सिद्धांत तर परतण्यावरच उभा आहे. तात्पर्य, संज्ञेची व्युत्पत्ती तिचा इतिहास सांगते. शास्त्रीय अर्थ व्याख्येतच शोधला पाहिजे.