कपाशीच्या शेतातील तणांचे बदलते स्वरूप

कापूस हे भारतातील सर्वांत महत्त्वाचे तंतुपीक होय. पेरणीनंतर कपाशीची वाढ मंद असते व दोन ओळींमधील जागा बराच काळ मोकळी राहते. त्यामुळे पहिले साठ दिवस तणनियंत्रणाच्या दृष्टीने निर्णायक मानले जातात. मात्र शेतातील तणे कायम तीच राहत नाहीत. मशागतीची पद्धत बदलली की काही वर्षांत तणांचा समूहही बदलतो.

कपाशीत हराळी, शिप्पी ही गवतवर्गीय, केना, घोळ, माठ, कुंजरू ही रुंद पानांची, तर लव्हाळा हे मोथावर्गीय तण आढळते. वेळेवर डवरणी व निंदणी झाल्यास बियांपासून उगवणारी वार्षिक तणे बी धरण्यापूर्वीच नष्ट होतात. हराळीची खोडे व लव्हाळ्याच्या गाठी मात्र औताने तुटून शेतभर पसरतात.

तणनाशकांमुळेही अशीच निवड घडते. उगवणीपूर्वी फवारलेल्या पेंडीमिथॅलीनने अनेक वार्षिक तणे आटोक्यात येतात, पण लव्हाळा टिकून राहतो. केवळ गवतवर्गीय तणे मारणारे क्विझालोफॉप-इथाईल वर्षानुवर्षे वापरल्यास रुंद पानांच्या तणांना मोकळे रान मिळते. बाहेरून आलेली तणेही या समूहात भर घालतात. १९५५ मध्ये पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत आधी रस्त्यांच्या कडेला व पडीक जमिनीत पसरले आणि पुढे पिकांतही शिरले.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे १९९७ पासून ग्लायफोसेट सहन करणारी कपाशी लावली जाऊ लागली व शेतकरी त्या एकाच तणनाशकावर विसंबले. २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यात माठाच्याच प्रजातीतील पामर अमॅरँथ हे तण ग्लायफोसेटला दाद देईनासे झाल्याचे सिद्ध झाले. अखेर तेथील शेतकऱ्यांना पुन्हा हाताने निंदणी करण्यावर खर्च करावा लागला.

भारतात २००२ मध्ये मंजूर झालेली बीटी कपाशी बोंडअळीला प्रतिकार करणारी आहे. तणनाशक सहन करणाऱ्या वाणांना मंजुरी मिळालेली नाही. तरीही मजुरांची टंचाई व वाढती मजुरी यांमुळे काही शेतकरी अशा अनधिकृत बियाण्याकडे वळतात. निंदणीचा खर्च वाचतो खरा, परंतु एकाच औषधाच्या सततच्या वापराने तेच औषध निकामी होण्याचा धोका असतो.

म्हणूनच पिकांची फेरपालट, मूग-उडदासारखी आंतरपिके, वेळेवर डवरणी, फुलोऱ्यापूर्वी तण उपटणे आणि तणनाशकांचा आलटूनपालटून मर्यादित वापर यांची सांगड घालणे हिताचे ठरते.