मतपेटी ते मतदान यंत्र : मतदाराच्या सोयीचा इतिहास

आपल्या स्वयंपाकघरातली आदोळी पाहा. बसायच्या पाटालाच पाते जोडलेले असते. अंगाच्या भाराने ती जागची हलत नाही आणि नारळ खवायला, भाजी चिरायला दोन्ही हात मोकळे राहतात. अवजाराने माणसाच्या शरीराशी, सवयीशी आणि समजुतीशी जुळवून घ्यावे, या विचाराला आज 'एर्गोनॉमिक्स' म्हणतात. हा शब्द ऐकला की बहुतेकांना कार्यालयातली महागडी खुर्ची आठवते. पण आपल्या देशात या शास्त्राची सर्वांत मोठी परीक्षा मतदान केंद्रावर झाली, आणि त्या परीक्षेत आपला छोटासा गोवा दोनदा पहिला ठरला. म्हणून हा इतिहास येथे मांडत आहोत.

१९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. ज्याला नाव वाचता येत नाही त्याने मत कसे द्यायचे? उत्तर निघाले निवडणूक चिन्हाचे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची, लिहायचे काहीच नाही. त्यासाठी एकट्या गोदरेज कंपनीने मुंबईत विक्रोळीच्या कारखान्यात १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या बनवल्या. चिन्हाची ही ताकद आपणही पाहिली आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणासाठी 'फूल' आणि वेगळ्या अस्तित्वासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. कौल कोणाला काय वाटला हा भाग निराळा, पण जुन्या माणसांना ती चिन्हे अजून आठवतात.

उमेदवार वाढले तशा इतक्या पेट्या ठेवणे अवघड होऊ लागले. मग एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का मारण्याची पद्धत आली. येथे मात्र मतदाराच्या हाताची परीक्षा सुरू झाली. शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर पडला, दोन ठिकाणी उमटला किंवा घडी चुकून शाई दुसऱ्या नावावर लागली, की मतमोजणीच्या टेबलावर वाद ठरलेला. उन्हापावसात रांगेत उभ्या राहिलेल्या म्हातारीचे मत केवळ हात थरथरला म्हणून बाद व्हावे, हा दोष तिचा की साधनाचा?

निवडणूक आयोगाने १९७७ पासून यंत्राचा विचार सुरू केला. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने नमुना तयार केला, पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही या कामात आली. मे १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर यंत्र प्रथम वापरले गेले. परंतु कायद्यात तशी तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते मतदान रद्द ठरवले. डिसेंबर १९८८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

विजेची जुळणी अभियंत्यांनी केली, पण यंत्र हाताळायचे होते सामान्य माणसाला. त्याला रूप देण्याचे काम मुंबईत पवई येथील आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये झाले. हे केंद्र १९६९ साली सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने उभे राहिले होते. यंत्राचे डिझाइन तेथील प्रा. ए. जी. राव आणि प्रा. रवी पूवय्या यांनी केले.

त्यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. बॅलट युनिटवरची यादी ओळखीच्या मतपत्रिकेसारखीच आहे: नाव, चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. बटण दाबताच शेजारी लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. डोळ्यांना आणि कानांना एकाच वेळी पावती मिळते. पुन्हा कितीही बटणे दाबली तरी दुसरे मत नोंदत नाही, त्यामुळे थरथरत्या हाताने मत बाद होण्याची भीतीच उरली नाही.

निवडणुकीच्या कामावर जाणाऱ्या आम्हा कर्मचाऱ्यांचाही त्यात विचार आहे. कंट्रोल युनिट पाच मीटरच्या केबलने जोडलेले असल्याने आडोशाआड न डोकावता टेबलावरून काम चालते. सतत लागणारे 'बॅलट' बटण हाताशी आहे. 'क्लोज' बटण टोपणाखाली, तर 'रिझल्ट' आणि 'क्लिअर' मोहोरबंद झाकणाखाली आहेत. दिवसभराच्या थकव्यात भलते बटण दाबले जाणार नाही, याची काळजी यंत्रानेच घेतली आहे. शिवाय सारे बॅटरीवर चालते. पावसाळ्यात वीज गेली म्हणून मतदान थांबत नाही, हे गोवेकरांना वेगळे सांगायला नको.

नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली. त्यानंतर जून १९९९ मध्ये पेडण्यापासून काणकोणपर्यंत, सर्व ४० मतदारसंघांत यंत्रावर मतदान झाले. संपूर्ण विधानसभा अशा रीतीने निवडणारे गोवा हे पहिले राज्य. २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर १० लाखांहून अधिक यंत्रांवर झाली.

पुढे अंध मतदारांसाठी बटणांशेजारी ब्रेल अंक आले. पण हाताची अडचण सुटली तरी मनातली शंका राहिली. आपले मत नेमके कोठे गेले, हे मतदाराला दिसत नव्हते. त्यासाठी व्हीव्हीपॅट आले. काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि मग पेटीत पडते. फेब्रुवारी २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट बसवण्याचा पहिला मानही गोव्यालाच मिळाला. मतदाराला मत देता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते दिल्याची खात्री पटणेही, हे त्या सात सेकंदांनी मान्य केले.

तरीही काम संपलेले नाही. टेबल उंच असेल, आडोशात अंधार असेल, दाराशी उतरण नसेल, तर उत्तम यंत्रही वृद्ध आणि अपंग मतदाराला दूरच राहते. या गोष्टी पवईत ठरत नाहीत, त्या आदल्या संध्याकाळी केंद्र मांडणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हाती असतात. टेबल मांडून झाले की एकदा मतदाराच्या जागी उभे राहून पाहावे, एवढेच आमच्या सहकाऱ्यांना या निमित्ताने सांगणे आहे.