चाप वेगळा, घोडा वेगळा

बातम्यांत सर्रास येतं, ‘घोडा दाबला अन् गोळी सुटली’. खरं तर बोटाने ओढतात तो चाप. घोडा म्हणजे मागची छोटी हातोडी. तिला स्प्रिंगच्या ताणावर अडवून धरणारी खिट्टी असते. चाप फक्त ती खिट्टी सोडवतो.

जुन्या तोड्याच्या बंदुकीत एवढंही नव्हतं. चाप ओढला की जळती वात रंजकावर टेकायची. पावसात वात विझली की शिपाई हात चोळत बसणार. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडू लागली. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारदी यांच्या कवायती पलटणी अशाच बंदुका घेऊन उभ्या होत्या.

एकोणिसाव्या शतकात स्फोटक टोपी आली. आपल्याकडे भरमार म्हणतात ती ठासणीची बंदूक बहुधा टोपीचीच. दिघोरीसारख्या धानाच्या गावांत रानडुकरांपायी शेतात जागल करावी लागते, त्यांनी हे नीट वाचावं. घोडा टोपीवर टेकलेला असला आणि त्याला ठोकर बसली, तर चापाला बोट न लावताही बार उडतो. अर्ध्यावर अडकवलेला घोडासुद्धा खाच झिजली असेल तर सटकतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आधीच मागे ओढला असेल तर चाप हलका लागतो. नसेल तर चापच घोडा मागे नेऊन सोडतो, म्हणून जड. लोक जड चापाला नावं ठेवतात, पण चुकून गोळी सुटणं त्यामुळेच टळतं.

आणि हो, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना ठासणीच्या बंदुकीलाही लागतो.