गुण कशाचे मोजता?

गुण आणि बक्षिसे दिली की समाज सुधारतो, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो : गुण कशाचे?

संत गाडगेबाबांच्या नावाने महाराष्ट्रात 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. तपासणी, गुण, बक्षीस. गावे चुरशीने झाडू घेऊन उतरली. 2016 मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत आमचा सिंधुदुर्ग पहिला आला. गुणांनी काम होते, हे आम्ही नाकारत नाही. पण गुणपत्रिकेने शौचालये, पाणी, कचरा मोजला; मैल्याची टाकी कोणत्या जातीचे हात उपसतात, हा रकाना तिच्यात नव्हता.

आमच्या धामापूरच्या 1530 सालच्या तलावाला 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. अभिमान आहेच. पण तलावाचे वय मोजणाऱ्यांनी पाण्यावरचा हक्कही मोजावा. महाड नगरपालिकेने 1924 सालीच चवदार तळे सर्वांना खुले केले होते. कागदावर पूर्ण गुण! प्रत्यक्षात 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत अस्पृश्यांना ते पाणी बंदच होते. त्यानंतरही सवर्णांनी मारहाण केली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले.

जे मोजले जाते तेवढेच गाव करते. म्हणून बक्षीस देण्याआधी विचारा : पाणवठा, स्मशान, मंदिर सर्वांना खुले आहे का? गटारात माणूस उतरतो का? गाडगेबाबांनी हाती झाडू घेतला तो गुणांसाठी नव्हे. त्यांच्या नावाच्या गुणपत्रिकेत समतेचा रकाना हवाच.

जयभीम!